चौकटीला हात

दारव्हा,
१९ सप्टेंबर १९६३

प्रिय हन्ना,

तुझं पत्र पोचलं. शाळेची हकिकत तू चार ओळींत उरकलीस आणि भावाने इस्रायलला बोलावलंय हे तर कोपऱ्यात, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं. बरी लबाड आहेस! त्याचं नंतर बोलते. आधी माझी फजिती ऐक.

मुंबईत तुमच्या ज्यू मुलांच्या शाळेत इतकी वर्षं पहिलीला शिकवून मी पार बिघडले गं. आईच्या दुखण्यापायी इकडे आले, इथल्या शाळेत लागले, आणि पहिल्याच शनिवारी, तुमच्या शब्बाथसारखी सुट्टी समजून, डोक्यावरून न्हाऊन निवांत बसले. रविवारी मात्र डबा घेऊन दारात हजर! शिपाई पूनमसिंग म्हणाला, "बाई, आज इतवार हाय. कायले आल्या?" तेव्हापासून गावभर मी 'इतवारी बाई' झाले आहे.

ती सवय मोडली, पण दुसरी जात नाही. आपल्या वर्गांच्या चौकटीवर मेझुझाची डबी होती, आत देवाची वचनं. मुलं आत येताना तिला हात लावून बोटं ओठांना टेकवायची. त्यांचं बघून मीही लावू लागले आणि तू हसली नाहीस, म्हणून तर आपली गट्टी जमली. इथे डबी नाही, तरी माझा हात जातोच. माझं पाहून आता अख्खी पहिली चौकटीला हात लावूनच वर्गात येते. परवा जया नावाच्या चिमुरडीने विचारलं, "बाई, चौकटीले हात काहून लावाचा?" मी सांगून टाकलं, माझ्या हन्नाबाई येतील ना, त्या सांगतील.

हन्ना, तू लिहितेस, मुलं कमी होत चाललीत, आम्हीही गेलो की इथे आमचं काय उरणार. वाचून फार राग आला मला. 'जाऊ नकोस' असं लिहायलाच बसले होते, कागद दोनदा फाडला. तुझा भाऊ तिथे एकटा आहे, तुला जायलाच हवं. पण बोटीत बसायच्या आधी इकडे ये. मूर्तिजापूरला उतरून छोट्या गाडीत बस, स्टेशनवर मी उभी असेन. मी निघताना, प्रवास सुखरूप व्हावा म्हणून, तू तुमच्या रीतीने मलिदा केला होतास, तुझ्या प्रवासाचा मी करीन. पोहे-गूळ आणलाय, नारळ बाजाराच्या दिवशी घेईन. माझी मुलं वर्गात कशी शिरतात ते एकदा डोळ्यांनी बघ. मग जा.

तुझीच वाट बघणारी,
रत्नप्रभा