फळा चुकत नाही

१० ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

काल सांगलीहून गावी आले. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन परवा झालं, मोतीबिंदू. छान झालंय. पण आठवडाभर वाकायचं नाही, धूळ नाही. म्हणजे खडू नाही. म्हणजे फळा माझ्याकडे.

वाचनालयाच्या दारातला फळा. तीस वर्षं आई रोज सकाळी, साताऱ्याची पहिली एसटी यायच्या आत, दिनविशेष लिहिते. वर जगाच्या दोन ओळी, मग रेघ, खाली ‘आज गावात’. कुणाचा जन्म, कुणाचा स्मृतिदिन, कुठल्या विहिरीला पाणी कधी लागलं.

आज वर राष्ट्रीय टपाल दिन. गावात काही नाही. माझ्या ओळी उजवीकडे घसरल्या. कंडक्टर खिडकीतून, “बाईंचा हात न्हाई ह्यो.”

संकष्टी होती. आईनं काळ्या चष्म्यातून चंद्र बघून उपास सोडला. सहज म्हणाली, “आमच्या आईचा त्या दिवशी उपास सुटलाच नाही. चंद्र उगवायला आणि मी जन्मायला एकच गाठ. अश्विनातली संकष्टी, बासष्ट साल. आबा सरहद्दीवर. चीनची लढाई तोंडावर आलेली.”

मग १ जूनचा वाढदिवस?

“ती मास्तरांची तारीख.”

११ ऑक्टो., शनि.

शाळेत नाव घालताना तारीख सांगता आली नाही की मास्तर १ जून टाकायचे. आईच्या वर्गातली निम्मी मुलं १ जूनची. इतकी वर्षं मी सांगलीहून हौसेनं फोन करत आले, तो मास्तरांच्या सोयीला.

आईची वही बघितली. एका तारखेला एक पान. नाव, आणि त्याच्यासमोर दोन पुरावे. ‘शाळेचा दाखला, सुईण.’ ‘पलटणीचं पत्र, थोरला भाऊ.’ दोन पुरावे जुळल्याशिवाय फळ्यावर काही चढत नाही. अख्खं गाव आहे वहीत. आई नाही.

ठरवलं. जायच्या आत तिचा जन्मदिवस फळ्यावर. तिला सांगितलं. “माझं काय करायचंय तिथं?” म्हणाली. पण मग एकच वाटी दोनदा पुसली.

१२ ऑक्टो., रवि.

लाज वाटण्यासारखा दिवस.

वहीची दोन पानं चिकटलेली. उद्याची ओळ आज लिहिली : ‘हवालदार शंकरराव यांचा स्मृतिदिन’. दुपारी कळलं. धावत त्यांच्या घरी गेले, तर फोटो खाली काढलेला, हार घातलेला, नारळ फोडून झालेला. त्यांचे धाकटे भाऊ बापूकाका अंगणात बसलेले.

काका, तुम्हाला तर माहीत होतं ना, उद्या म्हणून?

“म्हाईत हुतं की. पर सकाळी फळा बघितला. म्हटलं, आपलंच चुकलं आसंल. फळा चुकत न्हाई.”

आईला सांगितलं. ओरडली नाही. ते जास्त लागलं.

१३ ऑक्टो., सोम.

वर : आपत्ती धोका निवारण दिन. (आपत्ती मीच.) खाली शंकरराव पुन्हा, या वेळी बरोबर. त्याखाली आईनं सांगून लिहायला लावलं : ‘काल फळ्यावर चूक झाली. क्षमस्व.’ आमच्या घरातलं पहिलं जाहीर माफीपत्र. चार माणसं थांबून वाचत होती.

मग माझा हात धरून आई बापूकाकांकडे गेली. त्यांनी पुन्हा नारळ आणलेला. “दोनदा मान मिळाला गड्याला,” म्हणाले. “कडक हुता लय, पर ह्ये चाललं आसतं त्याला.”

बोलता बोलता शंकरराव गेल्याची तार आली त्या दिवसाचं निघालं. मी मध्येच, तार किती तारखेची होती? काका अडखळले. येताना आई म्हणाली, “तारीख आधी विचारायची नसते. माणूस घाबरतं, चाचपडतं. आधी विचारायचं, त्या दिवशी घरात काय शिजत होतं. चुलीवरचं कुणी विसरत नाही. तारीख शेवटी.”

दहा वर्षं मी लोकांच्या मुलाखती घेऊन पुस्तकं लिहितेय. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

१४ ऑक्टो., मंगळ.

सकाळी फळा (धम्मचक्र प्रवर्तन दिन), मग वाईची गाडी. घाटाजवळ एक वयस्क गुरुजी आहेत, जुनी पंचांगं सांभाळून आहेत. बासष्टचं काढलं. पानं पापडासारखी. बोट फिरवत थांबले.

“अश्विन वद्य चतुर्थी. सोळा ऑक्टोबर, मंगळवार. अहो, अंगारकी आहे ही! भाग्यवान आहेत मातोश्री.”

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून एकटीच हसत होते. सोळा. परवाच. अंगारकीची आई.

घरी येऊन सांगितलं. आई खुलली, क्षणभरच. मग कपाळाला आठी. “आमची आई नेहमी नुसतं संकष्टी म्हणायची. अंगारकी असती तर अंगारकीच म्हणाली असती. अंगारकी कुणी विसरतं होय?”

आणि मग, “हा एकच पुरावा झाला.”

१५ ऑक्टो., बुध.

वाचन प्रेरणा दिन. माझी पुस्तकं गावात चार जणांनी वाचली असतील, त्यातले दोघे नातेवाईक. आईचा फळा सगळं गाव वाचतं. आज लिहिताना हे पहिल्यांदा नीट कळलं, आणि वाईट वाटायच्या ऐवजी छाती भरून आली.

दुपारी आजोबांची, म्हणजे आबांची, लष्करी ट्रंक उघडली. तळाशी एक कार्ड. आबांच्या थोरल्या भावानं सरहद्दीवर पाठवलेलं, आबांनी जपून परत आणलेलं. ‘काल दिवेलागणीनंतर कन्या झाली. दोघी खुशाल. काळजी नसावी.’ वर तारीख : १८ ऑक्टोबर.

काल म्हणजे सतरा.

आई, “थोरल्या चुलत्यांना लिहिता येत नव्हतं. मास्तरांकडून लिहून घेतलं.” तेच मास्तर! सांगितलं त्या दिवशी लिहिलं की सवडीनं दुसऱ्या दिवशी, कोण सांगणार? मी चिडले. म्हटलं, सोळा लिहू या, पंचांग खोटं बोलत नाही.

“पंचांग संकष्टीची तारीख सांगतंय. माझी नाही.”

“तुझ्यापुरता एकदा नियम सोड ना.”

“शंकररावांच्या घरानं स्वतःची आठवण पुसून फळ्याचं ऐकलं. आता माझ्यापुरता सोडू?”

तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण रागात होते.

१६ ऑक्टो., गुरु.

जागतिक अन्न दिन. खाली ‘आज गावात’ लिहिलं आणि हात थांबला. कंडक्टर : “खाली काय न्हाई व्हय आज?” आहे, पण पुरावा नाही, म्हटलं. हसला बिचारा.

सांगलीच्या घरून वि.चा फोन. “फराळाचं काय? तू येणार कधी?” उद्या संध्याकाळी म्हटलं.

चारच्या सुमाराला आई आपणहून म्हणाली, चल. फळ्यासमोर उभी राहिली, काळा चष्मा, पदर नीट केलेला. “घे लिहून.” मी लिहिलं :

‘१६ किंवा १७ ऑक्टोबर १९६२ : फळा लिहिणाऱ्या बाईंचा जन्म, वरची आळी. ज्यांना माहीत असेल त्यांनी कळवावे.’

तीस वर्षांत पहिल्यांदा फळ्यावर ‘किंवा’. आईनं मागं सरून बघितलं. ऑपरेशनच्या डोळ्यानं तिला आता लांबूनही दिसतं. “ओळ सरळ आलीय,” म्हणाली.

१७ ऑक्टो., शुक्र. वसुबारस

ओळ पुसली नाही, तशीच ठेवली. पिशवी भरून झाली होती.

नऊच्या सुमाराला दारात काठीचा आवाज. वरच्या आळीच्या शेवंताकाकू. ऐंशी ओलांडलेल्या, घराबाहेर पडत नाहीत. नातसुनेनं फळा वाचून सांगितलेला.

“आगं, मला का न्हाई इचारलंस कवा? मी नवी नवरी हुते तवा. तुज्या आयेजवळ मीच बसलेली, पाणी तापवाय.”

आई हळूच, “स्वतःचं कसं विचारायचं, काकू?”

“आन् गावाचं बरं इचारत फिरतीस! आगं बाई, बसू दे आदी. च्या टाक.”

चहा झाला. सोळा की सतरा, माझ्या अगदी ओठावर आलेलं. आईनं वही माझ्याकडे सरकवली. कोरं पान, वर तिचंच नाव लिहिलेलं, वाकडं. डॉक्टरांचं न ऐकता कधीतरी लिहिलेलं दिसतंय.

मी पिशवी बाजूला ठेवली. पेन उघडलं.

“काकू, त्या दिवशी घरात काय शिजत होतं?”

काकूंनी बशी खाली ठेवली आणि डोळे मिटले.