साधं पाणी

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोन नानांच्या उशाशी आहे आणि अर्धं अंग गेलं तरी त्यांचे कान शाबूत आहेत, म्हणून लिहिते.

नाना दवाखान्यातून घरी आले त्याला आज नऊ दिवस झाले. डावा हात उशीवर ठेवला की तिथेच राहतो. बोलणं बोबडं झालंय, पण टोमणे स्वच्छ कळतात. खरी पंचाईत आहे ती गिळण्याची. पातळ काही दिलं की ठसका लागतो, म्हणून डॉक्टरांनी पाण्यात कालवायची पावडर दिली आहे. पाणी मधासारखं दाट करायचं आणि चमच्याने भरवायचं. नाना त्याला खळ म्हणतात. काल म्हणाले, उरलेली शर्टाला लाव, इस्त्री कडक होईल.

पण ताई, ते दिवसभर साधं पाणी मागतात. स्वयंपाकघरात नळ सोडला तरी मान वळवतात. मी आता बारीक धार सोडून भांडी घासते. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, वडिलांचं वय पाहता थोडं द्यायचं की नाही हे घरच्यांनी मिळून ठरवा. तुमची बहीण नर्स आहे, घरोघरी म्हाताऱ्यांचंच करते, तिला विचारा. म्हणून विचारते, दोन घोट देऊ का? एरवी मी तुझं ऐकत नाही हे जगजाहीर आहे, पण यात तू म्हणशील तसं करीन.

उत्तराची वाट बघते. माया आहे ती असू दे.

तुझी,
धाकटी


११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नाही. आधी हे लिहिते, मग बाकीचं. थेंबभरही साधं पाणी द्यायचं नाही. ते श्वासनलिकेतून छातीत उतरलं की न्यूमोनिया होतो आणि या वयात त्यातून माणूस उठणं कठीण. नानांनी हात जोडले तरी नाही. तुझं मन लोण्याचं आहे, म्हणून पुन्हा बजावते.

भरवताना पाठ सरळ, हनुवटी छातीकडे. एका वेळी अर्धा चमचा. गिळलं याची खात्री झाल्यावरच पुढचा. नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. तोंड कोरडं पडलं तर ओल्या स्पंजने पुसून घे. हे सगळं मोठ्या अक्षरात लिहून पलंगासमोर लाव, म्हणजे भेटायला येणारी दयाळू मंडळीही वाचतील.

माझं नेहमीचंच. रोज सहा घरं, सहा जिने, सहा वह्यांत सह्या. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इन्सुलिन, कुणाच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून ठेवायच्या. एका घरी ड्रायव्हरकाका आहेत, चाळीस वर्षं ट्रक चालवलेले. तेही नानांसारखेच खळीवर. मला बघितलं की म्हणतात, आल्या पाणी तोडणाऱ्या बाई. मी हसते आणि चमचा पुढे करते. रजा मिळाली की येते, या महिन्यात मात्र अवघड दिसतंय.

नानांना जप आणि स्वतः वेळेवर जेव, एवढं ऐकलंस तरी पुष्कळ.

तुझी,
ताई


८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू लिहिलंस तसंच सगळं चाललंय. कागद लावलाय. शेजारच्या काकू तो रोज वाचतात आणि निमूट खुर्चीत बसतात, एवढा तरी फायदा झाला. नाना आता पाणी मागत नाहीत. खळही तीन-चार चमच्यांपलीकडे घेत नाहीत. कालपासून अंगात कणकण आहे आणि छातीत घरघर ऐकू येते. डॉक्टर उद्या येतील. तुला जमलं तर लवकर ये, फार लांबवू नकोस.

तुझी वाट बघणारी,
धाकटी


२६ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नानांचं तेराव्यापर्यंतचं सगळं उरकून परतले त्याला महिना झाला. रोज जिने चढताना तुला पत्र लिहिते आणि घरी येईपर्यंत खोडून टाकते. आज लिहूनच टाकते.

या महिन्याच्या सुरुवातीला ड्रायव्हरकाकांच्या घरी सगळे बसलो. डॉक्टर, मुलगा, सून, मी, आणि मधे खुर्चीत काका. हृदय थकलंय, फार दिवस नाहीत, हे डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं. काका म्हणाले, मग राहिलेले दिवस मी पाणी पिणार. धोका दोनदा समजावून झाला, कागदावर सह्या झाल्या. मी त्यांचं तोंड नीट स्वच्छ केलं, पाठीला उशी लावली आणि छोट्या कपातून साधं पाणी दिलं. चार घोट प्यायले. एकदा खोकले. मग म्हणाले, रस्त्यावरच्या शंभर नळांचं पाणी प्यायलोय, याची सर एकालाही नव्हती. मी पाठ फिरवून नाक पुसलं. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, तर मी सर्दीवर ढकललं.

धाकटे, हे असं बसून ठरवणं मला नवीन नव्हतं. याआधी दोन घरांत मी ते पाहिलं होतं. तू विचारलंस तेव्हा मला लिहिता आलं असतं की डॉक्टरांना बसव, नानांनाच विचार, आणि ते हो म्हणाले तर जपून घोटघोट दे. मी लिहिलं नाही. नर्स म्हणून नाही म्हटलं, असं तुला वाटलं असेल. मी घाबरून नाही म्हटलं. हो म्हटलं आणि काही झालं, तर माझ्या शब्दाने झालं असं होईल. शिवाय हो म्हणायचं तर येऊन समोर उभं राहावं लागलं असतं, आणि मला रजेसाठी भांडायचं नव्हतं. लांबून नाही म्हणणं सोपं होतं.

आणि त्या नाहीचा उपयोग तरी काय झाला? न्यूमोनिया व्हायचा तो झालाच. तुझे डॉक्टरच म्हणाले ना, अशा माणसाची स्वतःची लाळही छातीत उतरते. परक्या माणसाला मी माझ्या हाताने पाणी पाजलं आणि आपल्या बापाला तहानलेलं ठेवलं. तेही तुझ्या हातून. याची मला लाज वाटते. काकांकडे आता रोज कप भरते, ते खुशीत असतात, आणि मी जिन्यात थोडी थांबून मग पुढच्या घरी जाते.

काय बोलायचं ते बोल, पण उत्तर दे. गप्प बसू नकोस.

तुझी,
ताई


७ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार दिवस फ्रिजवर पडून होतं. वाचायला घेतलं की राग यायचा आणि घडी करून परत ठेवायचे. लिहून तू मोकळी झालीस, इथे माझ्या छातीवर धोंडा ठेवलास. ती मान वळवणं रोज मी बघत होते, तू नव्हतीस. पण खोटं कशाला बोलू, डॉक्टरांनी मिळून ठरवा म्हटलेलं मीही ऐकलं होतं. ठरवण्याची भीती मलाही होती, म्हणून तुझ्यावर ढकलून मी हात झटकले. तेवढं माझ्या माथी घेते.

आता मी न लिहिलेलं एक ऐक. नाही म्हणणारं तुझं पत्र आलं, त्यानंतर आठ-दहा दिवसांनी एका दुपारी मला बघवेना. दार लोटून घेतलं, नानांना नीट बसवलं आणि साध्या पाण्याचा ग्लास त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मी म्हटलं, घ्या, ताईला कळणार नाही. तर उजव्या हाताने ग्लास बाजूला सारला आणि म्हणाले, थोरली नको म्हणालीय, तिला यातलं कळतं, ती उगीच नको म्हणणार नाही. त्यानंतर त्यांनी पाणी मागितलं नाही.

मी मोरीत जाऊन ग्लास ओतला आणि तिथेच बसून रडले. त्यांच्या तहानेसाठी नाही, ताई. उठवणं, पुसणं, भरवणं सगळं माझ्याकडे आणि विश्वास मात्र तुझ्यावर, म्हणून. याची मला अजून लाज वाटते, म्हणून तुला कधी सांगितलं नाही. आज सांगितलं ते तुला लागावं म्हणूनही सांगितलं, हे लपवत नाही.

या वेळी रजेसाठी भांड आणि ये. हे मला दुसऱ्या कुणाशी बोलता येत नाही. लोभ आहेच, राग ओसरायला मात्र थोडा वेळ दे.

तुझी,
धाकटी