पॅडमधला दादा

३ तारीख, सकाळी ७
नवी वही, नवं पेन. पेन भिकार निघालं, अक्षर नाचतंय. उद्या बदलणे.
पुतणीने इलेक्ट्रॉनिक पॅड आणून दिलं. आठ रबरी चौकोन, काठी मारली की आवाज. दादाच्या जुन्या रेकॉर्डिंगमधून त्याच्या काँगो-ड्रमचे ठोके काढून तिने त्यात भरलेत. दादा जाऊन दीड वर्ष झालं. तीस वर्षं आम्ही दोघे भाऊ शेजारी बसून वाजवत होतो. आता बावीस तारखेच्या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात त्याच्या वाटणीचं मी पॅडवर वाजवायचं. म्हटलं, आठ दिवसांत खिशात घालतो तुझं मशीन.
संकल्प : रोज एक तास रियाज.

४ तारीख
रियाज नाही. पाहुणे आले. (एकच. तोही दारातून गेला.)

६ तारीख, सकाळी ११
मी एक ठोका मारतो, दोन वाजतात! पहिला माझा. दुसरा जरा मागून, हळूच. खोलीत दुसरं कोणी नाही. हिला हाक मारली. ही म्हणे, मशीन बिघडलं असेल, आणि चहा जरा बशीत कमी सांडा. कपाचा कानच वाकडा, त्याला मी काय करू?

९ तारीख
दादाच आहे. धाडकन मारलं तर येत नाही. हलक्या हाताने मारून काठी तिथेच टेकवली की येतो. बुजरा होताच पहिल्यापासून.
आज विचारलं, रागावलास का रे? शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात आलो नाही, तालीम होती. (तालीम रद्द झाली होती. असो.) दोन ठोके आले.
दोन म्हणजे ‘नाही’, असं मी ठरवलं.

१४ तारीख
तालीम. वाद्यवृंदाचे मास्तर म्हणाले, जास्तीचे ठोके सांडताहेत, असंच चाललं तर बावीसला तुमची जागा मशीनच एकटं चालवेल. घरचं भूत चारचौघांत कशाला काढा?

१५ तारीख
शेवटी पुतणीला सांगितलं. आधी खो-खो हसली. म्हणे, काका, माझे बाबा मेल्यावर एवढे बेताल कसे झाले? मग माझ्या हाताकडे बघत राहिली. हसू गेलं. पॅडचं एक बटण फिरवलं. म्हणाली, पॅड फारच हळवं ठेवलं होतं मी. टेकवलेली काठी थरथरली तरी त्याला नवा ठोका वाटायचा.
आता एक मारला की एकच.
म्हटलं, फिरव परत. म्हणाली, आधी कार्यक्रम, मग डॉक्टर. डॉक्टर कशाला? बटण तर तिच्याकडे आहे.

२३ तारीख, सकाळ
काल कार्यक्रम झाला. एक ठोका सांडला नाही. मास्तरांनी पाठ थोपटली. प्रत्येक ठोक्यानंतर मी काठी टेकवून क्षणभर थांबत होतो. कोणी आलं नाही.

२४ तारीख, सकाळी ८
तीन पेनं झाली. अक्षर तेच.
अकराला डॉक्टर, पुतणी येतेय न्यायला. हिने चहा दिला, तोही नव्या कपात, सरळ कानाचा. पिऊन बशीवर टेकवला. वाजला. मग जरा मागून, हळूच, पुन्हा.
कपाला बटण नाही.