सुनेचा चेहरा भरला

१२ मे
किर्गिझस्तानातल्या नारिन शहराजवळच्या या गावात सून म्हणून आले आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना जिंकलं! नवी सून दिसेल त्या वडीलधाऱ्यापुढे वाकते. मी बत्तीस जणांपुढे वाकले, तरी दमले नाही. सासूबाई, उमसुनाय, शेजारणींना म्हणाल्या, कमरेत लवचीक आहे हो आमची पोरगी. नवरा तिलेक पडद्याआडून डोळे मिचकावत होता. मला हे घर आवडलं.

२० जून
आठ दिवस कुरणावर उन्हात घोड्यांचं दूध काढलं. पापण्या जांभळ्या झाल्यात, बोटांच्या सांध्यांवर लाल खवले आलेत. आज चुलत सासऱ्यांपुढे वाकले ती उठताच येईना. शेजारणी खिदळल्या. सून गालिच्याला चिकटली वाटतं, असा सासूबाईंचा टोमणा.

४ जुलै
गावच्या नर्सबाई कालिमान यांनी पापण्या, बोटं पाहिली आणि हात न टेकता खुर्चीवरून उठायला लावलं. जमलं नाही. थेट शहरात नेलं. रक्त घेतलं, मांडीतल्या स्नायूचा तुकडा तपासायला काढला. माझंच शरीर माझ्या स्नायूंवर उठलंय म्हणे. रोज गोळ्या, उन्हापासून जपणं. आपल्या मनाने गोळ्या बंद केल्यास तर बघ, असा नर्सबाईंनी दम दिला. गिळताना अडलं तर तासभरही थांबायचं नाही, फोन करायचा.

१८ ऑगस्ट
पुन्हा वाकते, उठते! तिलेक निर्धास्त होऊन रशियाला कामाला गेला. गोळ्यांनी चेहरा मात्र नानसारखा गोल झालाय.

२५ ऑगस्ट
सासूबाईंनी गाल कुरवाळले आणि रडल्याच. चेहरा भरला, भूक वाढली, म्हणजे नातू येतोय! मी शपथा घेतल्या. लाजतेय गं, म्हणाल्या. बाळाला बाधतील म्हणून गोळ्या चुलीत. फोनही बाधतो, म्हणून रजयांच्या थप्पीवर, पार छताशी.

१० सप्टेंबर
केस विंचरता येत नाहीत. नजर लागेल म्हणून कुणाला आत सोडत नाहीत. फोन समोर दिसतो. हात खांद्यातून वर जात नाही.

१८ सप्टेंबर
पाणी नाकातून आलं. तासभरही थांबायचं नाही — कालपासून थांबलेय.
नर्सबाई दाराशी आल्या होत्या. सासूबाई सांगत होत्या, झोपलीय, बाळसं धरलंय नुसतं. मी हाक मारली. आवाज नाकातच. गाडी गेली.

१९ सप्टेंबर
मान उचलत नाही. बोटं तेवढी चालतात.
सासूबाईंचा राग येत नाही. भीती वाटते. किती माया — सकाळपासून मटणाचा रस्सा शिजतोय, बाळासाठी, स्वतःच्या हाताने भरवणार —
नको म्हणून डोळे मिटले. लाडात आलीय, म्हणाल्या —
वाटी आणली. डोकं मांडीवर घेता—