दोन दिवसांची चावी

मु. पो. वडाळी, ता. जिंतूर, जि. परभणी
१८ फेब्रुवारी १९९८

अहो,

सप्रेम जयभीम. मी सुरतेहून सोमवारी दिवेलागणीला सुखरूप पोचले. भुसावळला गाडी बदलताना एका बाईने माझी जागा बळकावली. मी तिच्याशी कडाकडा भांडले आणि पुढे तिच्याच डब्यातलं जेवले. आई बऱ्या आहेत. गुडघा धरलाय म्हणतात, पण मी येईपर्यंत सगळं घर सारवून बसल्या होत्या. शेळी व्याली, दोन पिलं झाली.

आईंनी पायसुद्धा धुऊ दिले नाहीत, आधी हॉटेलचं सांग म्हणाल्या. मी सांगितलं की आई, तिथं माणसं एक रात्र नाही, महिनोन्‌महिने राहतात, म्हणून प्रत्येकाला दोन खोल्या आणि वेगळं स्वयंपाकघर असतं. तुमच्या कारखान्याच्या शेठने नव्या मशीन बसवणाऱ्या कोइंबतूरच्या इंजिनिअरसाठी ते घेऊन ठेवलंय. तो घरी गेला म्हणून शेठ तुम्हाला म्हणाला, "ले चावी, बे दिवस रही जा." न्हाणीत पांढराशुभ्र हौद आहे, त्यात माणूस आडवा होतो, असंही सांगितलं. आई म्हणाल्या, "का, पलंग नव्हता व्हय त्यांच्याकडं?" इतकी हसले मी!

आता त्यांना जे सांगितलं नाही ते तुम्हाला लिहिते.

शनिवारी सकाळी तुम्ही दार उघडून म्हणालात, "ये, बघ आपलं घर." तुम्ही गमतीनं म्हणालात, ते कळलं मला. तरी तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी स्वच्छ असलेला ओटा पुन्हा धुतला. मीठ-मिरचीचे डबे फळीवर मांडले, उंचीप्रमाणे. दोन दिवसांसाठी कोण असं करतं? खिडकीतून खाली रिंग रोडवर कापडाचे गठ्ठे लादलेले टेम्पो दिसत होते, आणि मी आपली ठरवत होते की इथं मोगऱ्याची कुंडी मावेल, इथं बाबासाहेबांचा फोटो लावता येईल. वेडीच आहे मी.

मग दुपारी बेल वाजली आणि तुमची अख्खी खोली आत आली.

खोलीची रीत मला नंतर कळली. सुरतेबाहेर, सचिन गावातल्या त्या एका खोलीत तुम्ही सगळे पाळीपाळीनं राहता, आणि कुणाचीही बायको सुरतेला आली की तिच्या हातची भाकरी सगळ्यांना, असं ठरलेलंच आहे. पण अहो, आधी एका शब्दानं तरी सांगायचं! सात महिन्यांनी नवरा भेटला होता मला. मी नवी साडी नेसून बसले होते आणि तुम्ही ज्वारीच्या पिठाची पिशवी पुढं केलीत. तीही मीच गावाहून आणलेली.

त्या विजेच्या शेगडीवर भाकरी फुगता फुगेना. मिरच्या भाजल्या तर सगळा मजला खोकायला लागला. हॉटेलचा मॅनेजर नाकाला रुमाल लावून आला, "बेन, शुं बळे छे?" गणपत भाऊजींनी त्याला हात जोडून परत पाठवलं. तेव्हा मीही हसले, खोटं कशाला सांगू? आणि सुकदेव भाऊजी, ते तुमचे खानदेशी, शेवटची भाकरी खाऊन डोळे पुसत म्हणाले, "आज पोट भरनं माय." माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा माणूस मला माय म्हणाला. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या बायकाही कुठंतरी माझ्यासारख्याच बसल्यात.

रविवारी दुसऱ्या पाळीवाले आले. पुन्हा पीठ, पुन्हा तवा. तुम्ही सगळ्यांना खोल्या दाखवत होतात, फ्रीज उघडून दाखवत होतात. तुमचा चेहरा इतका खुलला होता की मला बोलवेना. लग्नानंतर पहिल्यांदा तुम्ही कुणाला तरी आपल्या घरी जेवायला बोलावलं होतं. हे माझ्या लक्षात आलं गाडीत बसल्यावर. मग तुमच्यावरचा राग निम्मा झाला. निम्मा अजून आहे.

आता रविवारच्या पहाटेचं. तुम्हाला वाटलं मी विसरले. तो पलंग केवढा होता! आपल्या गावच्या घरात मावणार नाही एवढा. आणि तुम्ही त्याच्या पार कडेला अंग चोरून झोपला होतात, एका कुशीवर, हात छातीशी. मी जवळ सरकले की तुम्ही झोपेतच आणखी कडेला सरकायचात, माझ्यासाठी जागा करत. जागा किती पडली होती हो! मग उजाडायच्या आत तुम्ही उठलात, डोळे मिटलेलेच, चादरीची घडी घातलीत, उशी काखेत घेऊन दाराशी गेलात आणि म्हणालात, "गणपत, ये, जागा झाली."

जागे झाल्यावर तुम्ही स्वतःलाच हसलात. मीही हसल्यासारखं केलं. मग स्वयंपाकघरात गेले, नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं. माझा माणूस झोपसुद्धा दुसऱ्याला द्यायची म्हणून झोपतो, हे मला माहीत नव्हतं. तुमच्या पत्रात तर नेहमी "मी इकडे मजेत आहे" असतं.

तुम्ही स्टेशनवर मला घ्यायला आलात तेव्हा ट्रंक उचलून म्हणालात, "दोन दिवसांना एवढं ओझं?" मी म्हणाले, पापड-कुरडया आहेत. होत्याच, पण वरच्यावर. खाली माझ्या सगळ्या साड्या होत्या, लग्नातलं भांडं होतं, रेशनकार्डात नाव कमी करायचा अर्ज होता. मी दोन दिवसांसाठी आले नव्हते. आईंनीच मला पाठवलं होतं. म्हणाल्या, "मी कलाबाईकडं राहीन. लेकीच्या दारात म्हातारी जड होत नसती. पाच वर्सं लोकं मला विचारतेत, नातू कधी. आगं, तो तिकडं अन्‌ तू इकडं, नातू काय पोस्टानं येणारे?"

म्हणून मी आले. पण मला ते तोंडानं मागायचं नव्हतं. तुम्ही म्हणावं, "वृषाली, थांब आता," एवढीच माझी आशा होती. शनिवारी वाटलं, सगळे गेले की म्हणतील. रविवारी वाटलं, गाडीपर्यंत तरी म्हणतील. तुम्ही ट्रंक वर चढवून दिलीत, खिडकीतून माझा हात धरलात आणि म्हणालात, "दिवाळीत शेठकडे पुन्हा चावी मागतो." गाडी उधन्याच्या पुढं गेली तरी माझा हात खिडकीबाहेरच होता.

मला ती चावी नको हो. मला हौद नको, फ्रीज नको. पत्र्याची खोली चालेल, सार्वजनिक नळ चालेल. तुमच्या सोबत्यांना महिन्यातून एक रविवार जेवायला बोलवा, मी आनंदानं थापीन. पण बाकीचे दिवस माझे. मला तुमची रोजची आठवण काढायचा कंटाळा आलाय. मला तुमच्याशी रोज भांडायचंय.

"बघू" असं उत्तर लिहू नका. "बघू" ऐकून ऐकून माझी पाच वर्षं गेली.

जयंतीला तुम्ही येणारच. येताना सुरतेची परतीची दोन तिकिटं काढून आणा. एकच मिळालं, तरी आणा. तुम्ही मग इथं आईंजवळ राहा, शेळ्या सांभाळा, आणि त्या तिकिटावर मी जाईन.

आठवणीनं अर्धी झालेली, आणि आता न ऐकणारी,

तुमची,
वृषाली