पिनरमधलं शिकागो

३ मार्च

सकाळी हे खिडकीशी उभे राहून म्हणाले, "शिकागोत यंदा बर्फ कमीच पडलं."

आम्ही लंडनजवळ पिनरला आहोत! पन्नास वर्षं होत आली! एकोणऐंशी साली ह्यांना शिकागोच्या एका हॉस्पिटलने बोलावलं होतं. माझी इथली नोकरी नुकतीच पक्की झालेली, अंबरीश लहान — दोघांनी मिळून नको म्हटलं. आता ह्या विसरण्याच्या आजारात सगळं पुसत चाललंय, आणि कधी न पाहिलेलं गाव उगवून आलंय.

"हो, कमीच," म्हटलं. ह्यांचा चेहरा किती निवळला!

५ मार्च

लायब्ररीतून शिकागोवरचं पुस्तक आणलं. गाव पार दलदलीवर वसलेलं. गटारं बांधायची म्हणून चक्क इमारती जॅक लावून उचलल्या. एक हॉटेल उचललं, तर आत पाहुणे राहतच होते! ह्यांना वाचून दाखवलं. डोळे मिटून म्हणाले, "पायाखाली जाणवायचं." मलाही जाणवलं, खरंच सांगते.

९ मार्च

अंबरीश त्याच्या रीडिंगच्या घरून आला. "आई, प्लीज, डोन्ट प्ले अलाँग. बाबांना सांग ना, धिस इज पिनर." मी ताटं घ्यायला उठले. मग त्यानेच सांगितलं. हे इतके घाबरले! कोट घालून दाराशी बसून राहिले. पोराचा चेहराही पडला, बिचारा.

तो गेल्यावर म्हटलं, चला, नदीवर जाऊ.

आमची पिन म्हणजे नदी कसली, ओढाच. हे कठड्याला टेकून समजावत होते, "ही आधी तळ्यात जायची. सगळी घाण प्यायच्या पाण्यात! मग कालवा खणला, नदी उलटी वळवली." अगदी बरोबर! ऊन पडलं होतं. बघता बघता मला पलीकडे मिशिगनचं तळं दिसायला लागलं, समोरचा काठच नसलेलं. मागे इलिनॉयची मक्याची शेतं, सपाट, पार आभाळापर्यंत. बदकं तेवढी पिनरची.

१२ मार्च

पुस्तकात आज शिकागो आगीत जळून गेलं, पुन्हा बांधलं. आम्ही जेवता जेवता बांधलं!

१४ मार्च

एक विचारायचा धीर होत नाही. ह्यांच्या शिकागोत मी आहे का? कितीतरी दिवसांत नावाने हाक नाही. परवापासून तर 'तुम्ही' म्हणतात. मला! कोण वाटते मी, नर्स?

१७ मार्च

विचारलं. पिठलं वाढताना. "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"बायको. सुप्रभा. ती तिकडे पिनरला असते." पोळीचा घास तसाच हातात. "गाव छान आहे हो हे. पण ती नाही ना इथे. माझी परत जायची सोय कराल का?"

"करते," म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंदाने रडले, आणि स्वतःचाच हेवा वाटला.

१८ मार्च

मेट्रोपॉलिटन लाइनने एकच स्टेशन, नॉर्थ हॅरोला गेलो, समोरच्या ट्रेनने पिनरला परत. पुढचा रस्ता ह्यांनीच दाखवला, झपाझप चालत! दाराशी थांबून केस सारखे केले. "या ना, चहा घेऊन जा. सुप्रभाला भेटा." बेल दाबली आणि वाट बघत उभे राहिले.

किल्ली माझ्या पर्समध्ये होती.