रघूकाकांचं पान

खारवाडी, जि. रत्नागिरी
१२ जानेवारी २०२५

चि. महिपत यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मी बोलायला लागले की तू हो-हो म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. तुझी मालिका वाडीत सगळ्यांनी मोबाईलवर पाहिली. भुताखेतांची त्रेचाळीस पुस्तकं लिहिलीस, पण लेखक म्हणून वाडीने तुला आत्ता ओळखलं. शेजारची आरोही दोन दिवस एकटी न्हाणीत जात नव्हती. मला काही भीती वाटली नाही. पाखाडीवरच्या कुत्र्याला घाबरून तू रडायचास, ते आठवून हसूच येत होतं.

आता कामाचं. मुलाखतीत तू सांगून टाकलंस की 'तिन्हीसांजेचं पान' ही गोष्ट खरी आहे, आमच्या वाडीतल्या तुळसाकाकीवरून लिहिलीय. पुस्तकात निदान नाव बदललं होतंस. आता सुट्टीला गाड्या भरून माणसं येतात आणि दगडी गडग्याबाहेरून तिच्या पडवीचे फोटो काढतात. होडीसकट समुद्रात गेलेल्या नवऱ्यासाठी, रघूकाकांसाठी, ती रोज तिन्हीसांजेला पान मांडते, हे वाडीला पन्नास वर्षं ठाऊक आहे. त्या पानावर जेवणारा सात दिवसांत मरतो, ही भर तुझी. परवा काकी मासळीची पाटी घेऊन वरच्या वाडीत गेली तर सुनांनी दारं लावून घेतली. पाटी भरलेली परत आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई स्वतःच्या कष्टाचं खाते. काय करतोस ते कळव.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी ताई,
बकुळा

ठाणे
२१ जानेवारी २०२५

ती. ताईस शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र पोचलं. कुत्र्याचं लिहिलं नसतंस तरी चाललं असतं. मी आता नामांकित भयकथाकार आहे.

काकीचं वाचून वाईट वाटलं, पण हे चार दिवसांचं वेड आहे, ओसरेल. माझंही ऐक. तीस वर्षं माझी पुस्तकं एसटी स्टँडवर शेंगदाण्यांच्या पुड्यांशेजारी विकली गेली. पहिला सिनेमा निघाला, तर निर्मात्याने समुद्र काढून थंड हवेच्या ठिकाणचा बंगला घातला आणि भुताला गाणं दिलं. मग टीव्हीवर सहाशे भाग चालले. त्यात माझी हडळ सासू झाली आणि शेवटी सुनेला माफ करून मोकळी झाली. या वेळी पहिल्यांदा कोणी पुस्तक वाचून पडद्यावर आणलं. पडवी, पान, पानावरचा भातसुद्धा मी लिहिला तसा. मुलाखतीत विचारलं, हे सुचलं कुठून, आणि मी फुशारकीत बोलून गेलो. पुढच्या भागांची बोलणी चालू आहेत, आत्ता काही बोललो तर मालिकेची कंपनी बिथरेल. थोडी कळ काढ.

रागावलीस तरी माया असू दे.
तुझा
महिपत

खारवाडी
३ फेब्रुवारी २०२५

चि. महिपत, आशीर्वाद.

कळ मी काढीन, काकीने का काढायची? शुक्रवारपासून तिने पान मांडणं बंद केलं. बाहेरगावचे दोघे तिच्या पानापुढे उभे राहून व्हिडिओ काढत होते आणि घास कोण खातो यावर पैज लावत होते. तिने पान उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं. तापाने फणफणलेली असतानाही इतक्या वर्षांत ते पान चुकलं नव्हतं.

तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. आईला रत्नागिरीच्या इस्पितळात अडीच महिने ठेवलं होतं आणि बाबा तिच्याजवळ होते. मी बारा वर्षांची, तू आठ. मला फक्त भात यायचा आणि तोही करपायचा. कोणाकडे जेवायचं नाही, उपकाराचं खायचं नाही, असं मी तुला बजावलं होतं. मोठी शहाणी होते ना. तेव्हा काकी गडग्यावरून हाक मारून सांगायची, की रघूकाकांचं पान तसंच राहिलंय, वाया जाईल, वाईच संपवून टाका. ते उपकाराचं वाटायचं नाही, म्हणून आपण जायचो. अडीच महिने आपण त्या पानावर जेवलो, महिपत, आणि दोघंही साठीला पोचलो. हे पुस्तकात का नाही लिहिलंस?

या वेळी लोभ उत्तर आल्यावर.
बकुळा

ठाणे
१६ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मी विसरलो नव्हतो. दुसऱ्याच्या पानावर जेवणाऱ्या उपाशी पोराची मला लाज वाटायची, म्हणून त्याला काढलं आणि त्याच्या जागी भूत घातलं. हे आजवर कोणाला सांगितलं नाही.

कंपनीला विनवलं, की सात दिवसांची भर माझी आहे असं मालिकेच्या सुरुवातीला लिहा. त्यांचं म्हणणं, खरी गोष्ट म्हणूनच लोक बघतात. करारही त्यांच्याच बाजूने आहे. पुढचे भाग मी लिहिणार नाही, असं कळवून टाकलं. ते दुसऱ्याकडून लिहून घेतील. तेव्हा कागदावर काही होणार नाही.

मी शिमग्याला येतो. पालखी काकीच्या अंगणात येते तेव्हा वरच्या वाडीचीही माणसं सोबत असतात. काकीला विचार, त्या दिवशी सगळ्यांदेखत मला पानावर वाढेल का. नंतर आठ दिवस तुझ्याकडे राहीन आणि रोज सकाळी जेटीवर फिरेन, म्हणजे मोजणाऱ्यांची सोय होईल.

माझ्यावरचा लोभ काकीकडे वळव.
महिपत

खारवाडी
गुढीपाडवा, ३० मार्च २०२५

चि. महिपत यास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचा फोन आला. जिवंत आहेस हे वाडीला कळवलं.

तू जेवायला बसलास तेव्हा तुझी पाठ अंगणाकडे होती, म्हणून न दिसलेलं सांगते. पालखी पुढच्या घरी न्यायची होती, तरी कोणी हललं नाही. तू काळ्या वाटाण्याचं सांबारं भुरकलंस आणि ढोलवाल्याने ढोल खाली ठेवला. वरच्या वाडीच्या सुना तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. तू पुन्हा भात मागितलास तेव्हा कुठे कोणी तरी हसलं. पुढे बायका जेटीवर तुला बघून बोटं मोजत होत्या. पाचव्या दिवशी तुला ठसका लागला तर माझ्याच काळजात धस्स झालं. इतकं बरं लिहितोस मेल्या.

तू निघालास त्याच्या दुसऱ्या दिवशी काकीची पाटी वरच्या वाडीतून रिकामी आली. तिन्हीसांजेला तिने पान मांडलं. मी जवळ जाऊन बसले आणि रघूकाकांच्या पानाची तू अशी गोष्ट केलीस म्हणून तुझ्या वतीने माफी मागितली. ती म्हणाली, कसलं रघूचं पान. होडी बुडाली त्याच्या तिसऱ्याच दिवशी तिने वाट बघणं सोडलं होतं. गेलेलं माणूस जेवायला येत नाही, एवढं तिला कळत होतं. पण शेजारची दोन पोरं उपाशी होती आणि थोरली हट्टी, कोणाचं खाऊ देत नव्हती. म्हणून तिने रघूचं नाव सांगितलं. पुढे वाटेवरची भुकेली माणसं यायला लागली, त्यांनाही तेच सांगणं सोपं पडलं.

पन्नास वर्षं मी समजत होते की आपण कोणाचे उपकार घेतले नाहीत. मला रडू आलं. काकीने पान माझ्यापुढे सरकवलं आणि या वेळी कोणाचंच नाव सांगितलं नाही. मी जेवले. तिने आणखी भात हवा का विचारलं, तर हो म्हटलं.

लोभ पूर्वीसारखाच, थोडा वाढवून.
तुझी
बकुळाताई